प्लेट टेक्टॉनिक्स आणि आपल्या पायाखालचा दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर टेबलावर जमणाऱ्या चिठ्ठ्या, सह्याद्रीतल्या अभ्याससहलीत घाट चढताना कुणीतरी मागून विचारलेलं काहीतरी, आणि लातूर-धाराशिवकडची माणसं हमखास विचारतात तो एक प्रश्न, हे सगळं इथे एकत्र केलं आहे. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे. पाठ्यपुस्तकात 'भूपट्ट' म्हणतात, बोलताना सगळे 'प्लेट' म्हणतात. मीही तसंच केलं आहे.

१. प्लेट टेक्टॉनिक्स म्हणजे नेमकं काय? दोन-चार वाक्यांत सांगता येईल का?

पृथ्वीचा बाहेरचा कडक थर सलग नाही, त्याचे लहानमोठे तुकडे आहेत. हे तुकडे म्हणजे प्लेटा. त्यांची जाडी साधारण १०० किलोमीटर, खंडांखाली त्याहून जास्त, आणि त्या वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतात. कुठे एकमेकींपासून दूर जातात, कुठे एकमेकींवर आदळतात, कुठे खेटून घासत जातात. भूकंप, ज्वालामुखी आणि मोठ्या पर्वतरांगा यांतलं बहुतेक सगळं या तीन प्रकारच्या कडांवर घडतं. 'बहुतेक' हा शब्द लक्षात ठेवा, कारण प्रश्न १२ आणि १४ त्या उरलेल्यांबद्दलच आहेत.

२. शाळेत 'खंडवहन' शिकलो होतो. ते आणि हे एकच ना?

नाही. खंडवहनात फक्त खंड सरकतात आणि समुद्रतळ जागेवर राहतो, जणू खंड त्यातून नांगरासारखे वाट काढतात. प्लेट टेक्टॉनिक्समध्ये खंड आणि समुद्रतळ एकाच प्लेटचे भाग असू शकतात आणि बरोबरच सरकतात. भारतीय प्लेट मुंबईच्या किनाऱ्यावर संपत नाही. अरबी समुद्राच्या तळाचा मोठा भाग तिचाच आहे. गाडी तीच आहे, आपण तिच्यातल्या एका बाकावर बसलो आहोत इतकंच.

३. वेगेनर बरोबर होता, तर त्याला इतकं का हिणवलं?

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. त्याने १९१२ साली ही कल्पना मांडली आणि १९१५ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. भूशास्त्रज्ञांना बाहेरच्या माणसाचं हे धाडस आवडलं नाही, हे खरं आहे. पण 'दुष्ट विद्वानांनी बिचाऱ्याला छळलं' ही गोष्ट अर्धीच आहे. खंड कोणत्या बळाने सरकतात याचं त्याचं उत्तर खरोखरच चुकीचं होतं. पृथ्वीच्या फिरण्यातून आणि भरती-ओहोटीतून येणारी बळं त्याने पुढे केली होती आणि ती या कामाला फारच दुबळी ठरतात. ग्रीनलँड वर्षाला कित्येक मीटर सरकतो हा त्याचा आकडाही चुकला, प्रत्यक्षात ही हालचाल सेंटिमीटरांत आहे. तेव्हा टीका सगळीच आंधळी नव्हती.

वेगेनर १९३० साली ग्रीनलँडच्या बर्फात, पन्नाशी नुकतीच पूर्ण झालेली असताना गेला. त्याची बाजू पुढे समुद्रतळाने लढवली (प्रश्न ६).

४. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, हा निव्वळ योगायोग नसेल कशावरून?

नुसता नकाशा पाहून योगायोग म्हणायला जागा आहे. पण किनाऱ्याची रेघ ही खंडाची खरी कड नव्हेच. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राला पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. म्हणजे तिथपर्यंत खंडच आहे, फक्त त्यावर पाणी चढलेलं आहे. खरी कड त्याही पलीकडे, तळ जिथे एकदम खाली उतरतो तिथे असते. १९६५ साली एडवर्ड बुलार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर, सुमारे ९०० मीटर खोलीची रेघ घेऊन अटलांटिकच्या दोन्ही बाजू जुळवल्या. त्या हाताने जुळवलेल्या नकाशापेक्षा किती तरी चांगल्या बसल्या.

तरी माझ्या मते हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. वर्गात पहिला तोच सांगतात म्हणून लोकांना तो सगळ्यात मोठा वाटतो.

५. 'गोंडवन' हे नाव आपल्याकडचं आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे. गोंड लोकांच्या मुलखातल्या खडकांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री मेडलिकॉटने १८७२ साली हे नाव दिलं. पुढे ऑस्ट्रियाचा एडुअर्ट झ्यूस याने ते दक्षिणेकडच्या आख्ख्या प्राचीन महाखंडाला लावलं.

चंद्रपूर, वणी, उमरेडकडचा दगडी कोळसा याच खडकांतला. तिथल्या खाणींच्या भागात शेल या पापुद्र्यांच्या खडकाचा तुकडा फोडला तर कधीकधी जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं दिसतं. मधोमध शीर आणि तिच्यापासून दोन्हीकडे निघालेली जाळी. हे ग्लोसोप्टेरिस. हेच पान दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडतं. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढून आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही ते निघालं. या झाडाचं बी समुद्र ओलांडून इतक्या ठिकाणी गेलं असेल, अशी शंका काहीजण घेतात. मग लिस्ट्रोसॉरसकडे पाहा. डुकराएवढा, जमिनीवर राहणारा हा प्राणी दक्षिण आफ्रिकेत, बंगालच्या राणीगंज भागात आणि अंटार्क्टिकात सापडतो. तो काही पोहत गेला नाही.

याच कोळशाच्या थरांखाली हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ त्यांच्याखालच्या चुनखडीवर बर्फाने ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले होते. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे बर्फाची चादर होती. ही जमीन तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या आसपास होती असं धरलं की हे कोडं सुटतं. नाही धरलं तर सुटत नाही.

६. मग लोकांचं मत बदललं कशामुळे? एकच पुरावा निवडायचा तर कोणता?

समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्या. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

१९५०च्या दशकात अमेरिकेत मेरी थार्प ही भूशास्त्रज्ञ जहाजांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचे छेद काढत होती. बायका जहाजावर नकोत अशी तेव्हाची रीत, त्यामुळे ती कागदावरच काम करायची. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला दर वेळी एक खोल दरी दिसली, जणू रांग मधोमध उसवली आहे. तिचा सहकारी ब्रूस हीझन आधी 'बायकी बडबड' म्हणून मोकळा झाला. नंतर त्याच समुद्रातल्या भूकंपांचे ठिपके नेमके त्या दरीवर पडले, तेव्हा त्याला ऐकावं लागलं.

१९६२ साली हॅरी हेसने मांडलं की या दरीत खालून शिलारस येतो, थिजतो, नवा तळ बनतो आणि जुना दोन्ही बाजूंना ढकलला जातो. हे सुचलं खरं, पण सिद्ध कसं करायचं?

शिलारस थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. आणि हे क्षेत्र अधूनमधून पूर्ण उलटतं. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. मग तळ खरंच मधून निघून दोन्हीकडे सरकत असेल, तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे सारखेच दिसायला हवेत. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लीला आणि केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांना हे स्वतंत्रपणे सुचलं. मॉर्लीचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला. व्हाइन आणि मॅथ्यूजचा १९६३ साली छापून आला.

आपल्याकडे कुणी सहसा सांगत नाही ते हे, की मॅथ्यूजने ज्या पर्वतरांगेवर मोजणी केली होती ती कार्ल्सबर्ग रांग, म्हणजे अरबी समुद्राच्या दक्षिणेची, आपल्याच शेजारची.

मग १९६८ साली 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळात ओळीने छिद्रं घेतली. रांगेपासून जितकं दूर, तितकं गाळाचं वय जास्त, तेही जवळजवळ सरळ रेषेत. त्यानंतर विरोधकांची संख्या भराभर आटली.

७. हे सगळं समुद्रातलं झालं. आपल्या सह्याद्रीच्या दगडात काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो समुद्रातल्या पट्ट्यांच्याही आधीचा आहे. १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दख्खनच्या काळ्या पाषाणाचे नमुने नेऊन त्यातलं चुंबकत्व मोजलं. पाठोपाठ आपल्याकडेही हे काम सुरू झालं.

नमुना कसा घेतात ते सांगतो, कारण घाटात आम्हाला हे करताना पाहून लोक गाडी थांबवतात. हातात धरायच्या यंत्राने खडकात बोटभर लांबीची, साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची गोल कांडी कापायची. ती मोडून बाहेर काढायच्या आधी तिच्यावर उत्तर कुठे आणि वर कुठे याची रेघ मारायची. ही रेघ चुकली की दिवस फुकट. 'पाणी लागलं का?' असं विचारलं गेलं नाही असा एकही दिवस मला आठवत नाही.

आता गंमत. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जाल तशी जास्त झुकते. म्हणजे दगडातल्या सुईचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. दख्खनच्या दगडांतला कल महाराष्ट्राच्या आजच्या अक्षांशाला शोभण्यापेक्षा बराच जास्त आहे, आणि तो दक्षिण गोलार्धातला आहे. हिशेब सुमारे ३० अंश दक्षिण असा येतो. पुणे आज साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. फरक जवळपास ४८ अंशांचा, दर अंशाला १११ किलोमीटर धरले तर ५,३०० किलोमीटर. लाव्हा ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. भागाकार करा, सरासरी वेग वर्षाला ८ सेंटिमीटर.

महाबळेश्वरच्या बाजूला आणखी एक पाहण्यासारखं आहे. खालच्या थरांत चुंबकत्व उलटं, अगदी वरच्या काही थरांत सुलटं. लाव्हा साचत असतानाच क्षेत्र उलटलं, त्याची ही नोंद.

८. सतत नवा तळ तयार होतो, तर पृथ्वी फुगत कशी नाही?

फुगते असं मानणारा एक गट होता. पण जेवढा तळ बनतो तेवढाच दुसरीकडे खाली जातो. महासागरी गर्तांजवळ, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबच लांब खोल चरांजवळ, एक प्लेट दुसरीखाली वाकून घुसते. जपानच्या कियू वादाती याने १९३०च्या आसपास दाखवलं की तिथले भूकंप गर्तेपासून खंडाकडे जावं तसे खोल होत जातात, जणू खाली उतरत्या जिन्यावर. हा जिना पुढे सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत सापडला. खोलात घुसणारा थंड, कडक तुकडाच असे भूकंप करू शकतो.

त्यामुळेच महासागरांचा तळ पोरसवदा आहे. त्यातला सर्वात जुना मोठा भाग १८ ते २० कोटी वर्षांचा, आणि खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक मिळतात. भारतीय प्लेटची अशी घुसण्याची जागा अंदमान-सुमात्राच्या पश्चिमेला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी तिथेच सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची कड सुटली आणि त्सुनामी आली. अंदमानातलं बॅरन बेट, म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, त्याच घुसणाऱ्या प्लेटमुळे धुमसतो.

९. हे सगळं अनुमान झालं. प्लेट सरकताना कुणी प्रत्यक्ष मोजली आहे का?

रोज मोजतात. पक्क्या खडकात रोवलेली जीपीएस केंद्रं जगभर आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं केंद्र आणि हैदराबादचं केंद्र वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतात. म्हणजे तीन बोटं. किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपापासून आजवर आपण दीड मीटरहून जास्त पुढे आलो. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. तिथल्या सरकारला नकाशांचा अधिकृत पाया चक्क १.८ मीटरने हलवावा लागला, कारण १९९४ सालचे अक्षांश-रेखांश जमिनीशी जुळेनासे झाले होते.

१०. प्लेटा लाव्ह्यावर तरंगतात ना? आणि त्यांना ढकलतं कोण?

लाव्ह्यावर तरंगत नाहीत. हा गैरसमज इतका पक्का आहे की चांगल्या पुस्तकांच्या चित्रांतही खाली लाल रस दाखवतात. प्रावरण, म्हणजे प्लेटांखालचा जाड थर, घन आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहतं. गुळाची ढेप फोडायला बत्ता लागतो, पण तीच ढेप उन्हाळ्यात कोठीत ठेवली तर महिन्याभरात खाली बसून पसरते. तसंच.

ढकलण्यापेक्षा ओढण्याचा वाटा मोठा आहे. गोधडीचा एक काठ पलंगावरून खाली लोंबू लागला की बाकीची गोधडी मागून घसरत येते. गर्तेत गेलेला थंड, जड तुकडा प्लेटला तसाच ओढतो. पॅसिफिक प्लेटला असे काठ भरपूर आहेत, ती वेगाने पळते. आफ्रिकेला फारसे नाहीत, ती रेंगाळते. प्रावरणातले प्रवाहही आहेतच. आर्थर होम्सने ते १९२०च्या दशकाच्या अखेरीसच सुचवले होते. हिमालयात अडल्यावरही भारत इतक्या जोरात उत्तरेकडे का जातोय, यावर मात्र तज्ज्ञ अजून भांडतात.

११. देवघरातला शाळिग्राम आणि प्लेट टेक्टॉनिक्स यांचा संबंध आहे असं ऐकलं. कसा काय?

आमच्या आजीच्या देवघरात एक होता. काळाभोर, गुळगुळीत, एका अंगाला छिद्र आणि आत वळ्यावळ्यांचं चक्र. भूशास्त्राच्या वर्गात पहिल्यांदा अमोनाइटचं चित्र पाहिलं तेव्हा मला तोच आठवला. गंडकी नदीच्या वरच्या खोऱ्यात, नेपाळात, हे मिळतात आणि बहुतेक खरे शाळिग्राम म्हणजे समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट या प्राण्यांचे जीवाश्म. वय चौदा-पंधरा कोटी वर्षांच्या घरातलं. भारत आणि आशिया यांच्यामध्ये तेव्हा टेथिस समुद्र होता. भारत आशियाला भिडला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या समुद्राचा गाळ चुरगळून वर गेला. एव्हरेस्टचा माथासुद्धा सागरी चुनखडीचाच आहे.

दोन्ही बाजूंना खंड असले की कुणीच धड खाली जात नाही, कारण खंड हलके असतात. म्हणून तिबेटखाली कवचाची, म्हणजे प्लेटच्या वरच्या हलक्या थराची, जाडी ७० किलोमीटरच्या आसपास झाली, नेहमीच्या दुप्पट. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे देव समुद्रातूनच आले, ते आम्हाला ठाऊक होतं.'

१२. भूकंप कडांवर होतात, तर किल्लारी आणि कोयना प्लेटच्या मधोमध का?

दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत, त्यांना एका दावणीला बांधू नका.

किल्लारी: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमारास, तीव्रता ६.२. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. प्लेट आतून निवांत नसते, हिमालयात अडल्यामुळे सगळ्या भारतावर दाब आहे. जिथे जुना भेग-पट्टा असतो तिथे तो दाब कधीतरी सुटतो. किल्लारीला असा पट्टा काळ्या पाषाणाच्या थरांखाली झाकलेला होता, त्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता. भूकंप उथळ होता आणि भिंती दगड-मातीच्या, जाड, डोक्यावर मातीचं धाबं. जीव घेतला तो बहुतांशी या भिंतींनी.

कोयना: ११ डिसेंबर १९६७, तीव्रता ६.३, सुमारे १८० मृत्यू. इथे धरणाच्या पाण्याचा हात होता, हे आता जगभर मान्य आहे. पाण्याचं वजन आणि भेगांत झिरपून वाढलेला दाब यांनी आधीच ताणलेला भेग-पट्टा सुटायला मदत केली. 'धरणाने भूकंप केला' असं म्हणू नये. ताण जमिनीतच होता, पाण्याने फक्त वेळ ठरवली. त्या टापूत अजूनही लहान धक्के बसतात. म्हणूनच कराडला खास संशोधन केंद्र उभारलं आणि तिथल्या खडकात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं.

दोन्हीचा दाखला देऊन 'सिद्धांत खोटा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की जगातली बहुतांश भूकंपऊर्जा कडांवरच सुटते. मधले अपवाद थोडे, पण लोकांना तिथे त्यांची अपेक्षा नसते म्हणून जास्त मारतात.

१३. वज्रेश्वरी, उन्हवरे इथे गरम पाणी येतं. खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, तेवढं पुरतं.

१४. हवाई बेटं पॅसिफिक प्लेटच्या अगदी मध्ये आहेत. तिथे ज्वालामुखी कसे?

खालून एका जागी उष्ण द्रव्य वर येतं, त्याला तप्तबिंदू म्हणतात. प्लेट वरून सरकते, आणि बेटांची माळ तयार होते, सरकण्याच्या दिशेने जुनी होत जाणारी. टूझो विल्सनने हे १९६३ साली मांडलं. अपवाद वाटतो, पण त्याच माळेवरून प्लेटची दिशा आणि वेग मोजता येतो.

आपली माळही आहे. दख्खनचा लाव्हा, मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि शेवटी आज जिवंत ज्वालामुखी असलेलं रेयुनियन बेट. मात्र या माळेत कार्ल्सबर्ग रांगेची एक शाखा मध्ये आली आणि दोन टोकं दोन वेगळ्या प्लेटांवर गेली, त्यामुळे ती हवाईइतकी सरळ वाचता येत नाही.

१५. काही नकाशांत 'इंडो-ऑस्ट्रेलियन' एकच प्लेट असते, काहींत दोन. आणि एकूण सात की बारा की आणखी?

किती बारीक तुकडे मोजायचे यावर आकडा ठरतो. मोठ्या सात, बाकी लहान डझनावारी. १९६८ साली ल पिशों याने जगाचा पहिला हिशेब सहाच प्लेटांत केला होता.

भारत आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट मात्र खरीच अवघड आहे. त्यांच्यामध्ये रेघ नाही, हिंदी महासागराच्या तळाचा शेकडो किलोमीटर रुंद पट्टा आहे आणि तो चुरगळतो आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला, गर्तेपासून दूर, ८.६ आणि ८.२ तीव्रतेचे दोन भूकंप काही तासांच्या अंतराने झाले. तळ आडवा सरकला, उचलला गेला नाही, म्हणून मोठी त्सुनामी आली नाही. एक प्लेट दोन होण्याच्या वाटेवर आहे, त्याचंच हे लक्षण असं अनेक अभ्यासक म्हणतात. 'प्लेटा कडक असतात आणि त्यांच्या कडा स्पष्ट असतात' हे पाठ केलेलं वाक्य इथे चालत नाही.

१६. सह्याद्रीही हिमालयासारखा धडकेतून वर आला का?

नाही, उलट तो फाटण्याची खूण आहे. सह्याद्रीचा कडा म्हणजे पश्चिमेकडचा भाग तुटून गेल्यावर उरलेल्या काठाची, पुढे झिजत झिजत मागे सरकलेली कड. आधी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर सुटला. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे षटकोनी खांबांचे खडक त्याच काळातले. मग दख्खनचा लाव्हा ओतला गेल्यावर थोड्याच काळात सेशेल्स निघून गेला. सेशेल्सच्या सिलुएट बेटावरचे ज्वालामुखी खडक दख्खनच्या उद्रेकाच्या अखेरच्या काळाशी जुळतात. ते बेट आज मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे.